पर्स्यू करून रायला

दर वर्षी कॉलेजं सुटायच्या सुमारास आमच्याकडे नव्या पोरांच्या बायोडेटांचा गठ्ठा येतो. गठ्ठा म्हणायचं आपलं, सगळ्या पीडीएफच असतात. त्यात अकोला, अमरावती, बडनेरा, शेगाव अशी नावं दिसली की माझा माऊस जरा सावकाश चालतो. गावाकडची माणसं, दुसरं काय. आणि या बायोडेटांमध्ये एक ओळ अगदी ठरलेली असते : ‘पर्स्यूइंग बी.ई. फ्रॉम संत गाडगेबाबा अमरावती युनिव्हर्सिटी’. त्यातल्या बऱ्याच जणांचं स्पेलिंग चुकलेलं असतं, पी-यू-आर च्या जागी पी-ई-आर. मी त्यांना दोष देत नाही. परमिट, परफॉर्म, परस्यूएड ही सगळी मंडळी ‘पी-ई-आर’ने सुरू होत असताना या एकट्यानेच वेगळं वागायचं ठरवलं, तर पोरांनी काय करावं?

पण स्पेलिंग हा आजचा विषय नाही. विषय हा, की हा शब्द त्या ओळीत करतोय काय? पर्स्यू म्हणजे पाठलाग करणे. पोलिस चोराला पर्स्यू करतात. आता बी.ई. काही चोर नाही, आणि ती पळूनही जात नाही. चार वर्षं एका जागी बसून असते बिचारी, आपणच उशिरा पोचतो. मग तिचा पाठलाग कशाला?

या शब्दाचं खानदान पाहिलं तर गंमत वाटते. लॅटिनमध्ये ‘प्रोसेक्वी’ असं एक क्रियापद होतं. कोणाच्या तरी मागोमाग पुढे जात राहणं, असा अर्थ. ते फ्रेंचमधून घासत-पुसत इंग्रजीत आलं आणि ‘पर्स्यू’ झालं. तेच लॅटिन मूळ दुसऱ्या, सरळ वाटेने आलं ते ‘प्रॉसिक्यूट’ झालं, म्हणजे खटला भरणं. ‘स्यू’ म्हणजे दावा लावणं, ‘सूट’ म्हणजे दावा, आणि ‘सूटर’ म्हणजे मुलीला मागणी घालणारा, हीही सगळी त्याच घरची भावंडं. स्कॉटलंडच्या कोर्टात वादीला आजही ‘पर्स्यूअर’ म्हणतात. म्हणजे चोरामागचा शिपाई, कोर्टातला वादी, मुलीमागचा मुलगा आणि बी.ई.चा विद्यार्थी, असे चौघे एकाच क्रियापदाच्या बाकावर दाटीवाटीने बसलेत. शब्दाचे सुरुवातीचे अर्थ कडवटच होते, शत्रूच्या मागे धावणं, छळणं असे. पदवी, करिअर, छंद वगैरे गोडवा मागाहून आला.

माझी तक्रार अशी, की हे क्रियापद पुढे कोण आहे त्याची दखलच घेत नाही. ज्याला पकडायचंय तो पळतोय, का बसलाय, का त्याला आपण मागे आहोत हे माहीतसुद्धा नाही, याने काहीच फरक पडत नाही. कॅमेरा कायम मागच्याच्या खांद्यावर. मागे धावणाऱ्याची चिकाटी, त्याचा घाम, त्याचं ध्येय. पुढच्याचं नावगाव फक्त कर्म म्हणून येतं.

आता मराठीत या. ‘मागे लागणे’ हा आपला रोजचा शब्द. त्याचा कर्ता कोण कोण असतो ते बघा. कुत्रं मागे लागतं. साडेसाती मागे लागते. सावकार मागे लागतो, विमावाला मागे लागतो, सायकलसाठी कार्टं आईच्या मागे लागतं. ही यादी वाचून कोणाला मागे लागणाऱ्याबद्दल प्रेम वाटेल? या वाक्यांत आपण उभे असतो ते पुढच्याच्या बाजूने, ज्याच्या मागे ही ब्याद लागली त्याच्या बाजूने. ‘हात धुऊन मागे लागला’ म्हटलं की हात धुणाऱ्याचं कौतुक नसतं. ‘पिच्छा पुरवला’ म्हटलं की आपण आपोआप म्हणतो, अरेरे. आणि कर्म जरी निर्जीव असलं, पैशाच्या मागे, खुर्चीच्या मागे, प्रसिद्धीच्या मागे, तरी बोट मागच्याकडेच वळतं : काय हे, किती मागे लागायचं!

याचा एक पुरावाच देतो. अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यात माणसाच्या हक्कांमध्ये जीवन आणि स्वातंत्र्याच्या पाठोपाठ सुखाचा ‘पर्स्यूट’ येतो. हे मराठीत कसं आणाल? ‘सुखाच्या मागे लागण्याचा हक्क’? आमच्याकडचा कोणताही कीर्तनकार बुक्का लावतानाच उठून जाईल. त्याचं अख्खं कीर्तनच मुळी सुखाच्या मागे लागू नका यावर असतं. ‘सुखाचा पाठलाग’ म्हणावं तर सुख जीव घेऊन पळतंय असं चित्र उभं राहतं. शेवटी अनुवादक ‘सुखाचा शोध’ असं काहीतरी लिहून सुटका करून घेतात. मला हे मराठीचं दारिद्र्य वाटत नाही. मराठीने इथे एक प्रश्न विचारलाय, जो इंग्रजीने विचारलाच नाही.

मग चांगल्या अर्थाने एखाद्या गोष्टीच्या मागे असणाऱ्याला मराठीत शब्द नाहीत का? ढीगभर आहेत. ध्यास घेणं, लावून धरणं, वसा घेणं, नेटाने करणं. ‘नाद’ आहे, तो अर्धा कौतुकाचा, अर्धा कपाळावर हात मारायचा. यांतल्या एकातही पुढची गोष्ट पळत नाही, बदल होतो तो करणाऱ्यात.

आणि वऱ्हाडीत तर ‘पर्स्यूइंग’चा नेमका प्रतिशब्दच आहे. अकोल्याला माझ्या आत्याच्या वाड्यात कोणी नातेवाईक आला की पहिला प्रश्न, ‘पोट्टा काय करून रायला?’ उत्तर, ‘बीई करून रायला.’ झालं! जाऊन रायला, येऊन रायला, खाऊन रायला. ‘राहणे’ या साध्या क्रियापदाला जोडून केलेलं हे रूप पुण्या-मुंबईचे लोक ऐकतात आणि हसतात. मला ते फार नेमकं वाटतं. त्यात पाठलाग नाही. माणूस त्या कामात राहिलाय, मुक्कामाला आहे, एवढंच ते सांगतं. ‘पर्स्यूइंग बी.ई.’ लिहिणाऱ्या पोराच्या मनात असतं तेही नेमकं इतकंच. मनातलं वऱ्हाडी वाक्य त्याने बिचाऱ्याने बायोडेटात इंग्रजी कोट घालून उभं केलं.

फक्त या ‘करून रायला’ला एक खोड आहे, आणि ती ‘पर्स्यूइंग’लाही आहे. त्याला शेवट नाही. अमरावती-अकोल्यात अभ्यासिकांच्या पाट्या वाचत चालत गेलात तर लक्षात येईल, एमपीएससी करून रायलेली किती पोरं तिथे बसलेली असतात. दुसरं वर्ष, चौथं वर्ष, सहावं वर्ष. वाक्य तेच राहतं, वय बदलतं. पोरांची टर उडवायची नाही मला. जागा मोजक्या आणि बसणारे हजारो, त्यात कोरडवाहू शेतीत परत जा म्हणायला कोणाची जीभ उचलते? पण घरच्यांनी ‘काय करून रायला’ याच्या जोडीला ‘कुठवर’ हेही विचारावं, असं मला वाटतं. प्रेमाने विचारावं, पण विचारावं.

वऱ्हाडात या अर्थाचा आणखी एक शब्द आहे, आणि तो भारी जुना आहे. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांचं मोठं स्थान, गोविंदप्रभूंचं गाव. राज्याचं मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच आहे. महानुभाव पंथात घरदार सोडून पंथाची दीक्षा घेण्याला ‘अनुसरण’ म्हणतात. अमका अनुसरला, म्हणजे त्याने तो मार्ग धरला. व्युत्पत्तीने बघाल तर ‘अनु’ म्हणजे मागोमाग आणि ‘सृ’ म्हणजे जाणं. लॅटिनच्या त्या ‘प्रोसेक्वी’चीच कल्पना. पण अर्थ किती वेगळा झाला! अनुसरणाऱ्याला कोणाला पकडायचं नसतं. पुढचा थांबला तर हा मागे थांबेल.

याच रिद्धपुराशी म्हाइंभटाचं नाव जोडलेलं आहे. तेराव्या शतकातला माणूस. चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांच्या आठवणी विरून जातील या काळजीने म्हाइंभट उठला आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठत सुटला. कोण कुठे शेतावर, कोण कुठल्या गावात. प्रत्येकाला विचारायचं, तुमच्या समोर काय घडलं, स्वामी नेमकं काय म्हणाले. मग ते नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. याला तुम्ही काय म्हणाल? पाठलागच तो, एकेका साक्षीदाराचा. पण त्यात तो ज्याच्या मागे गेला त्याचं काही हिरावून घेतलं नाही. उलट त्याची आठवण सातशे वर्षं टिकवली. कोणाच्या मागे जाताना पुढच्याचं काय झालं, हा प्रश्न म्हाइंभटाला विचारला तर त्याचं उत्तर तयार आहे.

असो. आता सगळ्यात प्रतिष्ठित मराठी शब्दाकडे वळू : पाठपुरावा.

‘पाठ’ या अवयवावर मराठीने केवढा संसार मांडलाय. पाठीराखा, पाठराखण, पाठिंबा, पाठोपाठ, पाठलाग. पाठीशी उभं राहणं म्हणजे आधार आणि पाठीस लागणं म्हणजे त्रास. अक्षराचा फरक ‘शी’ आणि ‘स’ एवढाच. पाठपुरावा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. मताचा पाठपुरावा करणं म्हणजे ते मत लावून धरणं, त्याच्या पाठीशी उभं राहणं. पण कचेरीत आणि पेपरात पाठपुरावा म्हणजे निवेदन देणं, फाईल कुठवर आली ते विचारणं, पुन्हा निवेदन देणं. इंग्रजी पत्रव्यवहारात याच जागी ‘पर्स्यू द मॅटर’ असतं. आमच्या आयटीत त्यालाच ‘चेस करणं’ म्हणतात. ‘क्लायंटला चेस कर’, ‘नेटवर्क टीमला चेस केलं का?’ मग एक ‘जेंटल रिमाइंडर’ जातो, त्यात जेंटल काहीही नसतं. सकाळच्या मीटिंगमध्ये ‘आम्ही ते पर्स्यू करतोय’ असं कोणी म्हणालं की अनुभवी मॅनेजर ओळखतो, काल काही झालेलं नाही :-)

पाठपुरावा या शब्दाचं व्याकरण एकदा कान देऊन ऐका. तो कायम ‘सुरू’ असतो. ‘पाठपुरावा सुरू आहे’, ‘सतत पाठपुरावा सुरू’, ‘पाठपुराव्याला यश’. हे शेवटचं क्वचित. ‘पाठपुरावा संपला’ असं वाक्य मी कधी वाचलेलं नाही.

वऱ्हाडच्या माणसाला हे शकुंतलेवरून कळतं. कालिदासाची नाही, आमची. मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्यातलं मुंबई-नागपूर मार्गावरचं जंक्शन. तिथून एक नॅरोगेज फाटा अचलपूरला जायचा, दुसरा यवतमाळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने हा मार्ग उभारला तो मुख्यतः कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापुरात यायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि पुढे जहाजाने मँचेस्टरला. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि भारतीय रेल्वे करारावर गाडी चालवत राहिली. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेलचं आलं. गाडीचा वेग असा, की चालत्या गाडीतून उतरून कोणी वावरातली बोरं तोडून परत चढायचा अशा गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्यात. खऱ्या-खोट्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर. पण गरीब माणसाला परवडणारी दुसरी सवारी त्या पट्ट्यात नव्हती, हे मात्र खरं. पुढे तीही बंद पडली.

शकुंतला ब्रॉडगेज करा ही मागणी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. या मागणीचा पाठपुरावा किती जणांनी केला असेल! निवेदनं, शिष्टमंडळं, धरणी, आश्वासनं. कोणी प्रयत्न केले नाहीत असं मी म्हणणार नाही, प्रामाणिक माणसांनी यात आयुष्यं घातली. माझा राग शब्दावर आहे. ‘पाठपुरावा सुरू आहे’ हे वाक्य एकदा छापून आलं की ते काम झाल्यासारखंच वाटायला लागतं. कोणाकडे फाईल आहे, कोणत्या तारखेपर्यंत उत्तर यायचं आहे, नाही आलं तर पुढची पायरी कोणती, हे विचारायची सोय त्या वाक्यात नाही. आमच्या एखाद्या साध्या बगच्या तिकिटावरसुद्धा कोणाचं तरी नाव असतं, मुदत असते, आणि ते एक दिवस बंद तरी होतं, नाहीतर ‘करणार नाही’ म्हणून परत तरी येतं. ‘करणार नाही’ हेही उत्तर असतं हो. माणूस दुसरी वाट शोधतो.

उलटं उदाहरणही देतो, नाहीतर म्हणाल हा नुसता रडतो. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचं असंच वर्षानुवर्षं घोंगडं भिजत होतं. १६ एप्रिल २०२५ ला तिथून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. म्हणजे पुढची वस्तू गाठता येते. तिकडे अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवायची मागणीही तशीच जुनी. अकोलेकर आणि अमरावतीकर यांच्यात यावरून जे टोमणे चालतात त्यात मी पडत नाही. मला दोन्हीकडे जेवायला जायचं असतं.

आता पाठलागाकडे, म्हणजे खरोखरच्या धावण्याकडे येतो. इथेही अमरावतीचा मान मोठा आहे. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आणि आपल्या देशी खेळांत पाठलागाचा खेळ म्हणजे खो-खो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला त्याचा पहिला विश्वचषक झाला, पुरुषांचं आणि महिलांचं दोन्ही विजेतेपदं भारताने घेतली.

खो-खोचे नियम शाळेत सगळेच शिकतात, पण पाठलाग या विषयावर ते काय म्हणतात हे कोणी बघत नाही. आठ जण एका ओळीत, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेले. नववा धावणारा. त्याने एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय उलटं फिरायचं नाही. दोघांच्या मधून पलीकडे घुसायचं नाही. दमलात, नाहीतर पळणारा पलीकडे गेला, तर बसलेल्याला मागून हात लावून खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचं. पळणाऱ्याला मात्र यातलं एकही बंधन नाही. तो इकडून तिकडे, दोघांच्या मधून, उलटा-सुलटा कसाही पळेल. म्हणजे नियमांनी सगळी बेडी घातली ती पाठलाग करणाऱ्याला, मोकळीक दिली ती पळणाऱ्याला. वर वेळ ठरलेली. शिट्टी वाजली की थांबायचं. आणि मग अदलाबदल, आता तू पळ. ज्याने ज्याने हा खेळ खेळलाय त्याला पाठलाग करणं आणि पाठलाग होणं, दोन्ही अंगाने माहीत असतं. शिवाय मैदानात उतरलेला प्रत्येक जण आपणहून उतरलेला.

या सगळ्याच्या नेमकं उलट काय असतं, तर कॉलेजच्या रस्त्यावरचं ‘मांगं लागणं’.

हा विषय काढायला मी इतकी वळणं घेतली, कारण तो सरळ काढला की लोक पान उलटतात. अकोल्यात, अमरावतीत, खरं तर कुठल्याही तालुक्याच्या गावी, ‘तो तिच्या मांगं हाय’ हे वाक्य मित्र कौतुकाने बोलतात. वर मी म्हटलं की मराठीत मागे लागणारा बदनाम असतो. इथे तेवढा अपवाद झालाय, आणि तो आपल्या भाषेने केलेला नाही, सिनेमाने केलाय असं माझं मत आहे. हिंदी काय, मराठी काय, किती सिनेमांत नायक नायिकेच्या मागे फिरतो, ती नाही म्हणते, तो गाणं म्हणतो, ती चिडते, तो पुन्हा येतो, आणि मध्यंतरापर्यंत ती हो म्हणते. इंग्रजीतला तो ‘सूटर’, पर्स्यूचा भाऊ, असा आपल्याकडे घुसला. चिकाटी हा गुण झाला. बी.ई.ला जी चिकाटी लागते तीच मुलीला लावायची, असा हिशेब. बी.ई.ला मन नसतं, तिने कधी नकारही दिलेला नसतो, हे त्या हिशेबात कोणी धरत नाही.

याची किंमत कोण मोजतं तेही सांगतो. खेड्यावरून एसटीने कॉलेजला येणारी मुलगी. कोणीतरी स्टँडपासून मागे येतो, फोन नंबर मिळवतो, मैत्रिणीकरवी निरोप धाडतो. हे घरी कळलं तर अनेक घरांत बंद पडतं ते तिचं कॉलेज. त्याचं नाही. म्हणून ती घरी सांगत नाही. बस बदलते, रस्ता बदलते, शेवटच्या तासाला बसत नाही. खो-खोत पळणाऱ्याला सगळं मैदान मोकळं असतं. इथे पळणारीचं मैदान रोज थोडं थोडं लहान होतं.

वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. तिथल्या हिंगणघाटात ३ फेब्रुवारी २०२० ला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आलं. आठवडाभर नागपूरच्या दवाखान्यात झुंजून १० फेब्रुवारीला ती गेली. पेटवणाऱ्याला बरोबर दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, कोर्टाने जन्मठेप दिली. तेव्हाच्या बातम्या आठवून बघा. मथळ्यांत शब्द होता ‘एकतर्फी प्रेमातून’. पेट्रोलच्या बाटलीत प्रेम किती मिलिलीटर होतं, हे मथळा देणाऱ्याला कोणी विचारलं नाही. ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्दप्रयोग मला चीड आणतो. त्यातही कॅमेरा मागच्याच्याच खांद्यावर आहे. त्याला काय वाटत होतं, त्याचं काय तुटलं. पुढे चालत कामावर निघालेल्या बाईला काय वाटत होतं, ते त्या दोन शब्दांत कुठेच नाही.

कायद्याने मात्र कॅमेरा फिरवलाय. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं, दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या प्रकरणानंतर जे बदल झाले त्यात. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम ७८ व्या क्रमांकावर आहे. बाईने स्पष्ट नकार दर्शवल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, तिच्याशी संपर्क करणं किंवा करू पाहणं, तिच्या इंटरनेट, ईमेलवर नजर ठेवणं, हा गुन्हा. पहिल्यांदा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत आणि मग तो अजामीनपात्र. यात सगळा भार आहे तो तिच्या नकारावर. त्याच्या मनात प्रेम होतं का, ध्यास होता का, हे कलम विचारतच नाही.

मराठी पेपरात या गुन्ह्याला ‘पाठलाग’ म्हणतात, काही जण ‘स्टॉकिंग’ लिहितात. मला ‘पाठलाग’ चालेल. किंबहुना तोच हवा, कारण चोर-शिपायापासून खो-खोपर्यंत सगळ्यांना कळतो. ‘छेडछाड’ नको, त्यात वात्रटपणाचा वास येतो. ‘एकतर्फी प्रेम’ तर नकोच नको. संपादकांच्या टेबलावर एक साधी चिठ्ठी चिकटवता येईल : बाईने नाही म्हटल्यानंतरची गोष्ट असेल तर मथळ्यात प्रेम हा शब्द येणार नाही.

आणि ठाण्यात तक्रार द्यायला आलेल्या मुलीला इंग्रजी शब्द माहीत नसला तरी काही बिघडत नाही. ‘तो रोज माह्या मांगं येते, बोलाले पायते, मी नाही म्हटलं तरी.’ या एका ओळीत कलम ७८ ला लागणारं बहुतेक सगळं आलं. मागे येणं, रोज येणं, बोलायचा प्रयत्न आणि तिचा नकार. लिहून घेणाऱ्याने ती ओळ प्रमाण मराठीत वळवण्याच्या भानगडीत न पडता तशीच लिहून घ्यावी.